नावाडिणीचं मरण

ज्याच्या खोलीत आपण बसतो त्याचा सरदार मरत नाही. एवढी एक गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि ती कळेपर्यंत मी एका मैत्रिणीचं नुकसान करून बसले होते.

हे सगळं एका खेळात घडलं. म्हणून मला सांगण्यात आलं, खेळ आहे, सोडून दे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, फक्त पहिला शब्द बदलतो. लग्न आहे, सोडून दे. जत्रा आहे, सोडून दे. इलेक्शन आहे, सोडून दे. माणसं खरी कशी आहेत ते जिथं दिसतं, नेमकं तिथलंच सोडून द्यायला सांगतात.

खेळ असा. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. तो म्हणतो, समोर नदी आहे, पूर आलाय, काय करता? तुम्ही काय करणार ते सांगता, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी कोणाला हरवत नाही. प्रत्येकाच्या पात्राचा एक कागद असतो. त्याची ताकद, अक्कल, जखमा, पिशवीत काय काय आहे, सगळं त्यावर लिहायचं. आणि एक जाडजूड नियमपुस्तक असतं, इंग्रजीतलं, जे कोणी पूर्ण वाचत नाही.

मी वाचलं. मी पत्रकांवर वाढले. माझे वडील, घरात आणि गावात सगळेच त्यांना तात्या म्हणतात, पणदऱ्याला थोडा ऊस आणि चार म्हशी सांभाळून उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. एका पानाची, पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर. मी अक्षरं त्यांवर शिकले, पाढे त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिले. त्यांची मागणी वर्षानुवर्षं एकच आहे: सभेत विषय आधी वाचून दाखवा, मग हात मोजा. कारण आमच्याकडे संस्था कुठलीही असो, वार्षिक सभा एकाच पद्धतीनं चालते. स्टेजवरून ‘विषय क्रमांक चार’ एवढं उच्चारलं की मांडवाच्या पुढच्या रांगांतून आरोळी उठते, ‘मंजूर, मंजूर!’ विषय काय होता ते मागच्यांना संध्याकाळी टपरीवर कळतं. तात्या दरवर्षी मागे उभे राहतात, ‘वाचून दाखवा’ म्हणतात, आणि दरवर्षी शेजारचा कुणीतरी शर्ट ओढून त्यांना खाली बसवतो.

बारामतीत ठिबकच्या पाइपांचं एक दुकान. वरच्या मजल्यावर गोदामासारखी खोली, काळ्या पाइपांच्या गुंडाळ्या छतापर्यंत, नव्या प्लॅस्टिकचा वास आणि मधोमध एक लोखंडी टेबल. दर रविवारी दुपारी दोन ते साडेपाच आम्ही पाच जण तिथं बसायचो. दुकानमालकाचा मुलगा, त्याला आम्ही शेठ म्हणायचो. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला एक इंजिनिअर. गोष्ट चालवणारा दादा, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायला मिळालं तसा तो बारामतीला परतला होता आणि येताना हा खेळ घेऊन आला होता. मी. आणि इंदापूरची ती.

ती इंदापुरात एका खासगी शाळेत गणित शिकवते. घरची पेरूची बाग आहे, धरणाच्या पाण्याला लागून. रविवारी सकाळी पेरूचे क्रेट भरून झाले की साडेअकराची एसटी पकडायची, परत जायला सहाची. साडेतीन तास खेळायचं आणि तीन तास प्रवास करायचा. घरी सांगितलेलं, स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. त्या टेबलावर तिला मीच आणलं.

पहिल्या दिवशी दादानं मोठ्या हौसेनं नकाशा पसरला. किल्ले, बर्फाचे डोंगर, ड्रॅगनची गुहा. तिनं तो सगळा बघितला आणि विचारलं, “दादा, ह्यात पाणी कुठं हाय?”

दादा हसला आणि नकाशाच्या मधोमध निळ्या पेननं एक अवाढव्य जलाशय काढून दिला. तिचं पात्र म्हणजे त्या पाण्यावरची नावाडीण. तिच्यासाठी तिनं एक अख्खी वही लिहिली. ही नावाडीण पाण्याखाली बुडालेली गावं वरून ओळखायची. इथं देवळाचा कळस आहे, होडी डावीकडून घ्या. इथं वेशीची कमान, वल्हं लावू नका. हे तिच्या मनचं नव्हतं. तिच्या घरच्यांचं जुनं गाव धरणात गेलंय, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती सगळी जाऊन आपल्या घराचा चौथरा बघून येतात.

शाळेत तिला मुख्याध्यापक सांगतात, घरात भाऊ सांगतो. त्या टेबलावर मात्र दर दहा मिनिटांनी आम्ही चौघं तिच्याकडे बघायचो: “आता कुठून जायचं?” आणि ती सांगायची. बोट नकाशावर ठेवून, आवाज न चढवता, एकदाच. आठवड्यातले तेवढे साडेतीन तास तिचे होते. ते तिच्याकडं राहतात की जातात, एवढंच या सगळ्यात पणाला लागलेलं होतं. बाकीचं आमचं भांडण म्हणजे नुसता आवाज.

डिसेंबरातल्या एका रविवारी नावाडीण मेली.

गोष्टीत धरणाचा दरवाजा उघडत होता आणि खाली माणसांनी भरलेल्या अकरा होड्या अडकल्या होत्या. होड्या निघेपर्यंत कुणीतरी दरवाजाची साखळी धरून ठेवायला हवी होती. आम्ही बाकीचे युक्त्या लढवत बसलो. ती म्हणाली, “मी उतरते.” होड्या सुटल्या. साखळीनं तिला खाली ओढलं.

मरणाचा नियम सोपा आहे. पात्र शेवटच्या घटका मोजायला लागलं की फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर एक श्वास मिळाला, खाली पडलं तर एक गेला. तीन मिळाले की जगलं, तीन गेले की मेलं. तिचे दोन मिळाले, दोन गेले. पाचव्या वेळी फासा टेबलावरून घरंगळला आणि पाइपांच्या गुंडाळ्यांखाली गेला. इंजिनिअर गुडघ्यांवर बसून मोबाइलचा टॉर्च मारून ओरडला, “चौदा! जगली, जगली!”

शेठनं टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, “खाली पडलेला चालत नाही.”

“ओ वकीलबाई,” शेठ म्हणाला, “जाऊ द्या ना.”

“आपणच ठरवलंय. खाली पडला तर पुन्हा टाकायचा. माझा वीस पडला होता खाली, मी पुन्हा टाकला होता.”

दादा काही बोलला नाही. तिनंच इंजिनिअरच्या हातातून फासा घेतला. “तिचं बरोबर हाय,” म्हणाली आणि टाकला. चार.

तिनं कागदाची घडी घातली, वहीत ठेवली, वही पिशवीत ठेवली. मी स्कूटरवरून घरी गेले आणि तात्यांना अभिमानानं सांगितलं, आज मैत्रीण होती तरी मी नियम सोडला नाही. ते शाब्बास म्हणाले.

पुढच्या वेळी तिनं नवं पात्र आणलं, एक वैद्यीण. तिचा कागद अर्धा कोरा होता. मग ती चुकवायला लागली. पेरूची गाडी लवकर आली. पेपर तपासायचेत. भावाची सोयरीक बघायला पाहुणे येणार आहेत. मला वाटलं, वाईट वाटतंय तिला, निघून जाईल.

मार्चमध्ये शेठचा सरदार मेला. त्याचं मरण शूर नव्हतं, मूर्ख होतं. शत्रूच्या छावणीत शंभर माणसं आहेत हे दादानं तीनदा सांगितलं. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. “सरदार थांबत नसतो,” म्हणून हा एकटाच घुसला. सहा, दोन, नऊ. तिन्ही फासे टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ती त्या दिवशी आलेली होती, माझ्या शेजारी बसलेली.

शेठनं आपला कागद उलटा करून ठेवला. मग पंख्याकडं बघत म्हणाला, “पप्पा म्हणत होते, पाइपांचा नवीन माल येतोय. खोली लागंल बहुतेक.”

दादानं आपल्या वहीची पानं उलटली. मग घसा साफ केला. “तर, सरदाराच्या गळ्यात एक ताईत असतो.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“आधीपासूनच. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“त्याच्या कागदावर आहे?”

“अगं, गुप्त ताईत आहे. कागदावर कसा असेल?”

“दादा, तो मेलाय.”

“टेबलाला विचारू या ना मग. ताईत आहे असं धरायचं. मंजूर?”

आणि इंजिनिअरनं टेबलावर थाप मारली. “मंजूर, मंजूर!”

ही आरोळी त्या खोलीत मी आणली होती. सुरुवातीच्या दिवसांत तात्यांच्या सभेची नक्कल करून दाखवताना सगळे पोट धरून हसले, आणि तेव्हापासून चहा कधी मागवायचा, खिडकी उघडायची का, असल्या गोष्टी आम्ही अशा मंजूर करायचो. ज्या आरोळीनं माझ्या बापाला आयुष्यभर खाली बसवलं, ती मी करमणूक म्हणून त्या टेबलावर ठेवली. वापरली गेल्यावर चिडायचा मला काय अधिकार होता? तरी चिडले.

“नामंजूर,” मी म्हणाले.

“विरोधकांची नोंद घ्या,” शेठ म्हणाला. तो आता परत हसायला लागला होता. “अजून कोण विरोधात?”

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, “मंजूर.”

स्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर स्कूटर ढकलत चालले, कारण गाडीवर बसून भांडता येत नाही.

“तू मंजूर का म्हणालीस?”

“सहाची गाडी गाठायची होती.”

“हे काय उत्तर झालं?”

“मग काय म्हणू? तू नामंजूर म्हणालीस. काय झालं?”

मी स्कूटर ढकलत राहिले. तीच पुढं बोलायला लागली, रस्त्याकडं बघत.

“माझा फासा खाली पडला, तवा कोण बोललं?”

“नियम होता.”

“व्हय, नियम होता. पण बोललं कोण? दादा गप होता. शेठ जाऊ द्या म्हणत होता. तू बोललीस.”

“म्हणजे मी खोटेपणा करायला पाहिजे होता?”

“मी कुठं तसं म्हणते? मी टाकला की परत. मेली तर मेली. खरं सांगू का, मला बरं वाटलं त्या दिवशी. म्हटलं, हितं असं चालतं. घरी कुठं चालतं असं? हितं मरायचं तर सगळ्यांनी सारखं मरायचं.” तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “मीच येडी. ताईत मागायला पाहिजे होता.”

एसटी लागलेली होती. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली, आणि गाडी हलेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर छान दिसेल. मला गाढ झोप लागली, इतकी मी चिडून दमले होते. पण सकाळी म्हशींचं दूध डेअरीला घालून परत येताना मी मोजायला लागले. दीड वर्षात मी टेबलावर ‘हा नियम नाही’ असं किती वेळा म्हटलं? पुष्कळ वेळा. कोणाला? तिला. इंजिनिअरला. स्वतःला. दादालाही दोनदा. आणि शेठला? शेठ बाण मोजायला विसरायचा. त्याच्या भात्यातले वीस बाण दीड वर्ष वीसच राहिले होते. मला दिसत होतं. मी विसरू देत होते, कारण खोली त्याची, पंखा त्याचा, चहा खालून त्याच्या सांगण्यानं यायचा. जी मैत्रीण उलटून बोलणार नाही तिच्यापाशी मी हुतात्म्याच्या थाटात नियम पाळला. ताईत आला तेव्हा कुठं तोंड उघडलं, आणि तोवर माझं तोंड उघडणं ही गंमत झालेली होती.

कॅनॉलचं पाणी टेलच्या, म्हणजे पार टोकाच्या, शेतकऱ्याला शेवटी पोचतं, कधी पोचतच नाही. नियम मात्र टेलला सगळ्यात आधी पोचतो. हे मी तात्यांच्या पत्रकांत वेगवेगळ्या शब्दांत शंभरदा वाचलं होतं. नियम पोचवणारी मीच असेन, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. ‘खेळाडू बंधू-भगिनींनो’ अशी सुरुवात. डिसेंबरात काय झालं, मार्चमध्ये काय झालं, शेजारी शेजारी. माझी स्वतःची चूक, बाणांसकट. शेवटी मागण्या दोन: सरदार मेला हे मान्य करा, ते जमत नसेल तर नावाडीण परत आणा. पिवळ्या कागदावर पाच प्रती झेरॉक्स केल्या. रविवारी निघताना तात्यांना एक दाखवली. गोठ्याच्या दारात उभं राहून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी सगळं वाचलं.

“ह्यो सरदार कोण?”

“खेळातला.”

“आन् मेला तरी जित्ता हाय?”

“होय.”

“मंग पत्रक बरोबर हाय.” कागद उलटा करून त्यांनी मागं काही आहे का ते बघितलं. “आन् ही नावाडीण. ती काय म्हनती?”

“तिच्याच बाजूनं लिहिलंय, तात्या.”

“ते दिसतंय की. ती काय म्हनती?”

मला उशीर होत होता. मी स्कूटरची किल्ली घेतली.

ती त्या रविवारी यावी म्हणून मी तिला शुक्रवारपासून तीन फोन केले होते. का ते सांगितलं नव्हतं. सगळे बसल्यावर मी पत्रकं वाटली.

“आला, प्रचार आला,” शेठ म्हणाला. “चिन्ह कोणतं घेतलंय वकीलबाईंनी?”

इंजिनिअरनं पूर्ण वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. दादानं पहिल्या चार ओळी वाचून कागद खाली ठेवला.

“तू फार मनाला लावून घेतेस. आपण इथं मजा करायला येतो.”

“तिनं साखळी धरली तेव्हा मजा चालली होती?”

“हे बघ, नियमपुस्तकातच लिहिलंय, गोष्ट चालवणारा नियम वाकवू शकतो. तूच वाचलंयस ना पूर्ण?”

“वाचलंय. टेबलाच्या भल्यासाठी वाकवावा असं लिहिलंय. ज्याची खोली त्याच्यासाठी वाकवावा असं कुठल्या पानावर आहे?”

“ए, खोलीचा विषय काढू नकोस हां,” शेठ म्हणाला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. “दोन वर्षं बसताय हितं. कुणी काय म्हणलंय का कधी?”

दादानं दोन्ही हात वर केले. “बास. भांडण नको. तिची नावाडीण पण परत. पाण्यातून वर येते, जिवंत आहे, झालं? मंजूर?”

“मंजूर, मंजूर,” इंजिनिअर म्हणाला, सुटल्यासारखा. शेठही म्हणाला. आणि मला क्षणभर, लिहायला लाज वाटते, पण मला जिंकल्यासारखं वाटलं.

“न्हाय,” ती म्हणाली.

तिनं पत्रक हातात धरलेलं होतं. वाचत होती की नुसतं बघत होती, कळत नव्हतं.

“मला नको.”

“अगं, तुझी नावाडीण...” मी म्हणाले.

“माझीच हाय म्हणून सांगते. ती मेली म्हणून त्या अकरा होड्या सुटल्या. आता ती परत आली, म्हणजे साखळी धरायला कुणाचं काय गेलं? कुणाचं काय न्हाय गेलं. मग ते दार, ते पाणी, ते सगळं खोटंच की.” मग ती शेठकडं वळली. तिनं त्याला कधी शेठ म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हटलं नाही. “मी तुला काय बी म्हणत न्हाय. तुला सरदार ठिवायचाय तर ठिव. पण मला त्याच्या शेजारी बसवत न्हाय. तीन फासे मी बघितलेत.”

“खेळ हाय गं,” शेठ पुटपुटला.

“व्हय. म्हणूनच.”

मग माझ्याकडं. “आन् तू. येवढं लिहिलंस. मला इचारलं असतंस तर दोन ओळीत झालं असतं.”

तिनं पत्रकाची घडी घालून टेबलावर ठेवली, वहीत नाही. तेव्हा साडेतीन वाजले होते. सहाच्या गाडीला अडीच तास होते. त्या उन्हात ती एकटी स्टँडवर जाऊन बसली, आणि मी मागोमाग गेले तर, “आज नको,” म्हणाली.

यानंतर मी तिथं जाणं थांबवलं असतं तर ही गोष्ट मला सांगायला सोपी गेली असती. मी आणखी चार रविवार गेले. मला खेळ आवडायचा. आणि वाटायचं, आत राहून बोलत राहावं. तात्या कधी सभा सोडून गेले नाहीत. पण तात्या सभेत हरायला जातात आणि हरतात. मी तिथं चहा प्यायला लागले होते.

चौथ्या रविवारी गोष्टीतलं गाव आलं, त्या अकरा होड्यांमधून वाचलेल्या माणसांचं. दादा रंगात होता. वेशीवर कमान, ढोल, फुलं. गावकरी सरदाराला व्यासपीठावर नेतात. शाल, श्रीफळ, फेटा. एक म्हातारा उठतो आणि म्हणतो, तुमच्यामुळं आमची लेकरं जगली.

शेठनं खरोखरच मान किंचित खाली झुकवली, नारळ घेताना झुकवतात तशी.

“दादा,” मी म्हणाले, “त्यांना नावाडिणीनं वाचवलं.”

“माहितेय गं. पण ती नाही ना आता. सत्काराला जिवंत माणूस लागतो.”

तो थट्टा करत नव्हता. समजावून सांगत होता, मोठ्या भावासारखा, शांतपणे. त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि इंजिनिअर मान डोलावत होता. मी माझ्या पात्राचा कागद घेतला आणि उठले. शेठ मागून म्हणाला, “वकीलबाई, चहा येतोय.” जिना उतरले आणि स्कूटर काढली.

माझा राग त्या सरदारावर नव्हता. मूर्ख पात्रं मरतात, कधी वाचतात. राग त्या समजूतदार आवाजावर आहे. तो मी शाळेत ऐकलाय, बँकेत ऐकलाय, लग्नाच्या बैठकीत ऐकलाय. असा आवाज कधी चढत नाही. त्याला सगळं माहिती असतं, खरं कोण, खोटं कोण, साखळी कोणी धरली, सगळं. आणि तरी शाल कोणाच्या खांद्यावर जायची हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. अडाण्याशी भांडता येतं. सगळं माहीत असलेल्याशी कसं भांडायचं ते मला अजून आलेलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तिचा फोन आला. एरवीसारखाच आवाज. तिनं तिकडंच खेळ सुरू केला होता. शाळेतल्या दोन बाई होत्या, आणि आता वहिनी येणार होती. भावाचं लग्न मे महिन्यात झालं होतं. गोष्ट तीच चालवत होती.

“घरी काय सांगितलंस?”

“खेळतोय म्हणून सांगितलं. आईला वाटतंय भिशी हाय. वाटू दे.” आणि पुढं, “यायचं असलं तर ये. गाडी साडेअकराला हाय बारामतीतनं पण.”

दीड तास एसटीत बसून गेले. हा प्रवास ती दीड वर्ष करत होती आणि मी एकदाही उलटा केला नव्हता, हे जंक्शन गावाच्या पुढं कुठंतरी लक्षात आलं आणि पुढचा सगळा रस्ता मी स्वतःवर दातओठ खात होते. बागेच्या कडेला पत्र्याची शेड, पेरूचा वास, दोन क्रेट उलटे टाकून त्यावर प्लायवूड. नकाशा तिनं स्वतः काढलेला. त्यात बरंचसं पाणीच होतं.

वहिनीचा पहिलाच दिवस होता. पदर खोचून, फासा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून बसलेली. काठावरून होडीत उडी मारायची होती. फासा टाकला, दोन पडला. ती घाबरून नणंदेकडं बघायला लागली.

“परत टाका वहिनी. पहिला दिवस हाय.”

माझं तोंड उघडलंच. “हा नियम कुठं लिहिलाय?”

“कुठं न्हाय. आत्ता केला.”

“सगळ्यांना आहे?”

“पहिल्यांदा खेळंल त्या सगळ्यांना.”

“मग माझा चुकला तर मला पण. या टेबलावर मीही पहिल्यांदाच आलेय.”

“तू दोन वर्षं खेळतीस.”

“टेबल वेगळं आहे.”

“माणूस तेच हाय.”

मी दहा मिनिटं वाद घातला. नवीन टेबल म्हणजे नवी सुरुवात, नियम करायचा तर सरसकट करा, नाहीतर करू नका. दोन्ही बाई पेरू खात मजेत ऐकत होत्या. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि तसूभरही हलली नाही. मला खरोखर राग आला होता. माझ्या मते अजूनही माझंच बरोबर होतं. पण तिचं बोट नकाशावर होतं आणि सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

वहिनी दुसऱ्या फाशात होडीत पोचली. मग मी फासा टाकला. तीन. टेबलाच्या मधोमध.

“गेलीस चिखलात,” ती म्हणाली. “कमरंपर्यंत.” मग वहिनीकडं वळून, अगदी सावकाश: “आता तुमी सांगा. हिला वर काढायचं का?”

वहिनी माझ्याकडं बघत विचार करायला लागली.